‘यमुनापर्यटना’चे पर्यटन

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पुस्तकावर मी काही वर्षांपूर्वी एक शोधनिबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष एका वाक्यात होता: व्याख्या सैल ठेवली तर ही मराठीतील पहिली कादंबरी ठरते, पण तिची घडण पाहता तिला सामाजिक पाहणीचे कथारूप म्हणणे अधिक योग्य. या वाक्याचे पुढे काय झाले, त्याची ही हकिगत.

आधी पुस्तकाविषयी. त्याचे पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. यातला ‘निरूपण’ हा शब्दच लेखकाचा हेतू सांगतो. सुशिक्षित यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे तिला कळतात. पुढे ती स्वतः विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, पुस्तक त्यापुढच्याच वर्षाचे. पदमनजींनी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सुधारणेची कळकळ आणि धर्मप्रसार हे दोन धागे इथे असे विणले आहेत की एक ओढला तर दुसरा तुटतो.

‘पहिली’ हा शब्दही वाटतो तितका सोपा नाही. बंगालीत हाना कॅथरिन मलेन्स यांचे ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ १८५२चे आहे. प्यारीचांद मित्र यांचे ‘आलालेर घरेर दुलाल’ पुस्तकरूपाने १८५८ मध्ये आले, पण ते आधी मासिकातून क्रमशः येत होते. मलेन्सबाईंच्या पुस्तकामागे इंग्रजी कथा आहे म्हणून ते वगळायचे का? क्रमशः प्रकाशन धरायचे का? बोधासाठी रचलेल्या कथेला कादंबरी म्हणायचे का? आधी हे ठरवायचे, मग क्रम लावायचा.

निबंध प्रसिद्ध झाल्यावर एका दैनिकातून फोन आला. ‘म्हणजे सर, पहिलीच ना?’ मी म्हणालो, ‘तसं म्हणायला हरकत नाही, पण...’ दुसऱ्या दिवशी मथळा होता, देशातली पहिली कादंबरी मराठीच! ‘पण’ गळाला आणि ‘मराठीतील’चे ‘देशातली’ झाले. मग एका वाहिनीवर ती ‘पहिली स्त्रीवादी कादंबरी’ झाली. महिला दिनाला माझ्याच फोनवर संदेश आला: सत्तावनच्या धामधुमीत यमुना नावाच्या विधवेने एकटीने देशभर फिरून लिहिलेले पुस्तक. नायिकाच लेखिका झाली होती. पदमनजी नाहीसे झाले होते, धर्मांतरही. खाली संशोधक म्हणून माझे नाव मात्र शाबूत होते.

यात कोणी ठरवून खोटे बोलले असेल असे मला वाटत नाही. प्रत्येकाने थोडे थोडे छाटले. पण काय छाटले गेले ते पाहण्यासारखे आहे. अभिमानाच्या आड येणारे तेवढेच गेले: शेजारच्या भाषेचा दावा, ख्रिस्ती लेखक, प्रचाराचा हेतू. विधवांची दुःखे एका पुरुषाने धर्मप्रसारासाठी का होईना, पण तळमळीने लिहिली, ही गुंतागुंत हेच या पुस्तकाचे मोल. तीच वजा झाली.

मी खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर चार ओळींत छापून आला. त्यानंतर एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा कच्चा खर्डा माझ्याकडे आला. त्यात ‘भारतातील पहिली कादंबरी’ असे विधान होते. मी आधार विचारला. ती संकोचून म्हणाली, ‘सर, तुमचाच दिलाय.’ तळटीपेत त्या बातमीचा हवाला होता, बातमीत माझा. वर्तुळ पूर्ण झाले होते.

त्या दिवशी दोष माझ्याकडेही आला. ‘हरकत नाही’ हे शब्द माझेच. आपल्या निबंधाची बातमी होते आहे याचा मोह मला झाला होता. आता मी अट वाक्याच्या सुरुवातीला घालतो, म्हणजे छाटणाऱ्याला निदान वाक्य मोडावे लागेल. फोनवर ‘हो’ म्हणण्याआधी ‘कोणत्या अर्थी?’ असे विचारतो. यामुळे विपर्यास थांबेल असे नाही, पण त्याला माझ्या तोंडचा शब्द तरी मिळणार नाही.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की मूळ पुस्तक वाच. आठ दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात थोडा राग होता.

‘सर, यमुना एकटी निघालीच नव्हती की. नवरा होता बरोबर!’