टाउनशिप: नकाशावरची आणि कारभारातली

• मोजणीची टाउनशिप: अमेरिकेतल्या १७८५च्या जमीन वटहुकमातून आलेला ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर (सुमारे २५९ हेक्टर). १६ क्रमांकाचा सेक्शन सार्वजनिक शाळांसाठी राखीव. मोजणीची सुरुवात पूर्व ओहायोत, ओहायो नदीकाठी.

• रस्ते: सपाट प्रदेशात बहुतेक सेक्शनच्या हद्दीवरून, मैला-मैलावर. पृथ्वी गोल असल्याने रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येतात. म्हणून ठरावीक अंतरावर मोजणी दुरुस्त केली जाई. सरळ रस्ता मध्येच विनाकारण बाजूला सरकलेला दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण.

• कारभाराची टाउनशिप: स्थानिक शासनाचा घटक. हद्द मोजणीच्या चौकोनाशी जुळेलच असे नाही.

• ओहायो: ३ निवडून आलेले विश्वस्त, १ वित्त अधिकारी. टाउनशिपचे रस्ते, दफनभूमी, अग्निशमन. इंडियाना: एकच विश्वस्त, गरजूंना मदत हे प्रमुख काम. मिनेसोटा: मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी वार्षिक सभा, कराची रक्कम मतदारच मंजूर करतात.

• टाउनशिपकडे सहसा नसते: शाळा (स्वतंत्र शालेय जिल्हा), न्यायालय (काउंटी). पोलिसांचे काम बहुतेक ठिकाणी काउंटीच्या शेरीफकडे.