निवृत्तीनंतरचे सचिवपद : स्वीकारण्यापूर्वी आणि सोडण्यापूर्वी

एखाद्या सायंकाळी ओळखीतले दोन-तीन गृहस्थ घरी येतात. चहापाणी होते, प्रकृतीची विचारपूस होते आणि मग मूळ विषय निघतो. ‘‘गुरुजी, मंडळाचं दप्तर आता तुम्हीच पाहा. सगळ्यायनं तुमचंच नाव घेतलं.’’ अमरावती-अकोल्यातील कित्येक निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि कचेरीतील कारकून यांच्या आयुष्यात हा प्रसंग येतो. आपल्याला आनंद होतो, कारण कोणाला तरी अजून आपली गरज आहे. घरच्यांना मात्र काळजी वाटते. वाचकहो, या दोन्ही भावना खऱ्या आहेत, म्हणून होकार किंवा नकार देण्यापूर्वी हे पद नीट समजून घ्यावे.

वऱ्हाडच्या मातीला संस्थांचे वेड जुने आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसवले. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. तरीही त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या, त्या विश्वस्तांच्या हाती सोपवल्या आणि स्वतःसाठी काही ठेवले नाही. १९५६ साली वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले, पण धर्मशाळा चालत राहिल्या. संस्थापकामागे संस्था टिकते ती कोणीतरी निगुतीने राखलेल्या कागदांच्या आधारावर. सचिव हा त्या कागदांचा राखणदार असतो.

सचिवाने नेमके काय करायचे असते? सभेची सूचना आणि विषयपत्रिका वेळेवर पाठवायची, गणपूर्ती झाली की नाही ते पाहायचे, इतिवृत्त लिहायचे, ठराव शब्दशः नोंदवायचे, पत्रव्यवहार सांभाळायचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्तांत किंवा मालमत्तेत बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला फेरफार अहवाल द्यावा लागतो. ३१ मार्चला हिशेब बंद करून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. देणगीदारांना आयकरात सवलत देणाऱ्या ‘८०जी’ मान्यतेची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणही करावे लागते.

ही कामे रुक्ष वाटतात, पण ती चुकली की काय होते ते पाहा. एखाद्या वृद्धाश्रमाचे तीन विश्वस्त कालौघात निवर्तले, नव्यांची निवड झाली, हार-नारळही झाले, परंतु फेरफार अहवाल कोणी दिलाच नाही. मग सरकारी नोंदवहीत दिवंगतच विश्वस्त राहतात. बँकेत सह्या बदलताना, अनुदानाचा अर्ज करताना किंवा छताच्या दुरुस्तीसाठी मोठी देणगी घेताना ही अडचण समोर उभी राहते. कागद अडला की आश्रमातील आजीबाईंच्या डोक्यावरचे छप्पर अडते.

आता आपल्या प्रकृतीचा विचार करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा भेडसावतो, आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आढळतो. निवृत्तीनंतर, विशेषतः जोडीदार गेल्यानंतर, दिवसाला आकार उरत नाही. सचिवपद तो आकार देऊ शकते. दहा जणांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणे, त्यातील निर्णय वेगळा काढणे आणि तो नेमक्या शब्दांत लिहिणे यात अवधान, स्मरण आणि भाषा या तिन्हींना काम मिळते. हे औषध नव्हे आणि रोग टळण्याची हमीही नव्हे, पण चारचौघांत मिसळून केलेले अर्थपूर्ण काम मनाला उभारी देते, हे निश्चित.

आपण घरात आजारी माणसाची शुश्रूषा करीत असाल, तर आठवड्यातील दोन तास संस्थेला देणे ही चैन समजू नका. तो आपला विसावा आहे. मात्र त्या वेळेत रुग्णाजवळ कोण बसेल, हे आधी ठरवा. ती सोय होत नसेल, तर सध्या नकार देण्यात कमीपणा नाही.

होकार देताना काही गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात. मागील तीन वर्षांचे इतिवृत्त, लेखापरीक्षण अहवाल आणि फेरफारांची स्थिती पाहिल्याशिवाय दप्तर ताब्यात घेऊ नये. घेताना यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कोऱ्या धनादेशावर किंवा न वाचलेल्या ठरावावर सही करू नये, मग मागणारा कितीही जवळचा असो. ‘‘काका, एवढी एक सही द्या, मजकूर मागून भरू,’’ असे कोणी म्हटले, तर ‘‘आधी भर, मग वाचून करतो,’’ एवढे शांतपणे सांगावे. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सभा सकाळी आठ-नऊला घ्याव्यात. मधुमेह असलेल्यांनी जेवणाची आणि औषधाची वेळ सभेसाठी लांबवू नये. सभेतील बोलणे नीट ऐकू येत नसेल, तर अंदाजाने लिहू नये, कान तपासून घ्यावेत. इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी आपल्याला आठवते ते बहुधा आपले मत असते, सभेचा निर्णय नव्हे.

शेवटचा भाग सर्वांत नाजूक आहे आणि तो घरच्यांनीही वाचावा. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे वयाला साजेसे आहे. परंतु तोच ठराव दोनदा लिहिला जाणे, वर्षानुवर्षे सहज जुळणारी कीर्द अचानक न जुळणे, ओळखीच्या रस्त्याने कार्यालयात जाताना गोंधळणे, पत्राला उत्तर दिल्याचे ठामपणे सांगणे आणि ते पत्र न उघडलेले सापडणे ही लक्षणे वारंवार दिसू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, ऐकू कमी येणे किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही असे घडू शकते आणि त्यांवर उपचार असतात. म्हणून सभेत चारचौघांसमोर ‘‘बाबांना आता जमत नाही,’’ असे म्हणू नये. घरी, शांतपणे, ‘‘बाबा, या महिन्याचे इतिवृत्त आपण दोघे मिळून वाचू या,’’ असे म्हणावे. सत्य त्यातून आपोआप पुढे येते आणि मानही राखला जातो.

यासाठी उत्तम उपाय पहिल्याच दिवशी करता येतो. पद स्वीकारताना एक तरुण सहसचिव मागून घ्या. प्रत्येक कागद कोठे आहे, कोणती तारीख कधी येते, हे एका वहीत लिहून ती त्याच्या हाती असू द्या. तीन वर्षांची मुदत स्वतःच ठरवा आणि ती संपली की प्रकृती ठणठणीत असली तरी दप्तर सुपूर्द करा. आपण नसलो तरी पुढच्या सभेची सूचना वेळेवर निघाली, तर आपले काम नीट झाले असे समजावे.