शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो

‘माळ’ हा शब्द नुसता उच्चारला तर त्याचा अर्थ सांगता येत नाही. ‘तो माळ उन्हाने करपला’ म्हटले की उघडी, गवताळ जमीन डोळ्यांपुढे येते. ‘ती माळ तुटली’ म्हटले की मणी घरंगळू लागतात. इथे निवाडा केला तो आधी लिंगाने आणि मग क्रियापदाने. शब्दाच्या आजूबाजूला असलेल्या अशा खुणा म्हणजेच संदर्भ. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ लावणे, अनोळखी शब्दाचा अंदाज बांधणे आणि रिकाम्या जागी चपखल शब्द योजणे, ही तिन्ही कामे या खुणांच्या आधाराने होतात.

भारतीय व्याकरणकारांनी या खुणा फार पूर्वी हेरल्या होत्या. साधारण पाचव्या शतकात होऊन गेलेल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, सामर्थ्य, औचित्य, देश, काळ, लिंग अशी ती यादी जाते. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ती उदाहरणांसह मांडली. संस्कृतात ‘हरी’ म्हणजे विष्णू, इंद्र, सिंह, वानर, घोडा असे कितीतरी. मात्र शंख-चक्र धारण केलेला हरी म्हटले की तो विष्णूच. विशेष म्हणजे शंख-चक्र नसलेला हरी म्हटले, तरीही तो विष्णूच. कारण जी वस्तू एखाद्याजवळ एरवी असते, तिचाच अभाव कोणी बोलून दाखवतो. ही दुसरी खूण म्हणजे विप्रयोग, आणि इतके सूक्ष्म निरीक्षण आजच्या वाचकालाही थक्क करते. लक्ष्मणासोबत आलेला राम दशरथाचा पुत्र ठरतो, तर राम आणि अर्जुन यांचे वैर सांगितले की तो राम परशुराम होतो आणि अर्जुन पांडव न राहता कार्तवीर्य होतो.

प्रकरण म्हणजे प्रसंग. ‘सैंधव’ म्हणजे मीठ आणि सिंधू देशातला घोडाही. जेवायला बसलेल्याने सैंधव मागवले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने मागवले तर घोडा. इथे वाक्यात एकही खूण नाही; ती भोवतालच्या परिस्थितीत आहे. म्हणून एका वाक्यावर उलगडा होत नसेल, तर मागचा-पुढचा परिच्छेद वाचणे भाग असते.

मराठीत लिंगाची खूण सर्वांत भरवशाची, आणि नेमकी तीच वाचताना नजरेतून निसटते. ‘घराण्याचे नाव बुडाले’ यात अब्रू गेली. ‘कोळ्यांची नाव बुडाली’ यात होडी गेली. ‘वीट आला’ म्हणजे कंटाळा, ‘वीट आली’ म्हणजे बांधकामाचे सामान. बदल फक्त क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात होतो. ‘कर’ या शब्दाचा उलगडा मात्र लिंगाने होत नाही. नगरपालिकेने वाढवलेला कर तिजोरीत जातो आणि जोडलेले कर म्हणजे हात. ‘वाढवणे’ आणि ‘जोडणे’ ही क्रियापदेच अर्थ पक्का करतात.

योग्य शब्द निवडायचा असतो, तेव्हा शेजारचे शब्द आणखी कडक होतात. काच फुटते, दोरी तुटते, काठी मोडते, कापड फाटते. यातले एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी बसत नाही. हीच शिस्त लाक्षणिक अर्थातही टिकते. लग्न मोडते, नाते तुटते, परीक्षेचा पेपर फुटतो. अंगावर चढवण्याच्या गोष्टींचेही तसेच. साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, चष्मा लावतात. यामागचा नियम पाठ करून ही जाण येत नाही. ती वाचनातून आणि ऐकण्यातून अंगवळणी पडते. औचित्याचा भागही यातच येतो. जनावर मरते, आजोबा वारतात, मंत्र्यांचे निधन होते, सैनिकाला वीरमरण येते. कोशात हे शब्द समानार्थी दिसले, तरी वाक्यात एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

उभयान्वयी अव्यये तर सगळ्या वाक्याची दिशा फिरवतात. ‘शेटजी स्वभावाने … होते, तरी त्यांनी शाळेला मोठी देणगी दिली’ या वाक्यात ‘कंजूष’ बसतो. ‘तरी’ काढून ‘म्हणून’ घातले की ‘उदार’ बसतो. रिकाम्या जागेच्या प्रश्नात ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘कारण’ हे शब्द आधी शोधावेत. दिलेले पर्याय झाकून आपल्या मनाने एक शब्द भरून पाहावा, मग त्याच्या जवळचा पर्याय निवडावा, त्याचे लिंग-वचन जुळते का ते तपासावे आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचावे. अशी गाळलेल्या शब्दांची पद्धत अमेरिकेतल्या विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली, ती मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी. पुढे ती भाषेच्या परीक्षांमध्ये रुळली.

अनोळखी शब्दाचा अर्थ काढताना परिणामाकडे पाहणे उपयोगी पडते. ‘कैऱ्या उतरवून पेंढ्यात अढी घातली आणि आठवड्याने घरभर पिकल्या आंब्यांचा वास सुटला’ हे वाक्य शहरात वाढलेल्या मुलालाही अढीचा अर्थ सांगून जाते. पण तो अर्थ धरून त्याने ‘मनात अढी होती, म्हणून तो लग्नाला आला नाही’ हे वाक्य वाचले, तर तो अडखळेल. इथे अढी म्हणजे आकस. प्रत्येक वाक्यात अर्थ नव्याने तपासावा लागतो तो यासाठी.

काही वाक्ये मात्र काहीच सांगत नाहीत. ‘त्याने कोयंडा आणला’ यावरून कोयंडा खायचा की दाराला लावायचा, हे कळणार नाही. आजूबाजूचे बहुतेक शब्द ठाऊक असतील, तरच संदर्भ कामी येतो. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांबाबत हू आणि नेशन यांनी २००० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी एखादाच. मुलाच्या हाती कठीण पुस्तक देऊन ‘संदर्भाने समजून घे’ म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

अंदाज बांधून झाला की तो कोशात ताडून पाहावा. दाते-कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ यासाठी फार मोलाचा आहे, कारण त्यात अनेक शब्दांच्या अर्थासोबत त्यांचे प्रयोगही दिलेले आहेत. शाळेच्या ग्रंथालयात तो असेल, तर कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताला लागेल असा ठेवावा.