घराच्या पायाखाली दोन हजार वर्षे

नवे घर बांधायला काढले की मुहूर्त पाहतो, पूजा करतो आणि पहिली कुदळ मारतो. त्या मातीवर आपल्याआधी कोण राहून गेले, हा विचार सहसा मनात येत नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या पश्चिमेला कँबोर्न ही नवी वसाहत वसवताना मात्र तो आधी झाला. १९९८च्या सुमारास तिथे घरे उठू लागली, आणि त्या परिसरात वेसेक्स आर्किऑलॉजी या संस्थेने बारा ठिकाणी उत्खनन केले.

हा सारा चिकणमातीचा पट्टा. पाणी धरून ठेवणारी, नांगराला जड जाणारी जमीन. संशोधकांनीही इकडे फारसे लक्ष दिले नव्हते. इथे मिळाल्या त्या साध्या शेतकऱ्यांच्या खुणा.

अशा खुणा वाचायच्या कशा? बुजलेल्या चराची माती भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाची दिसते. गोल झोपडी कुजून जाते, पण छपराचे पाणी वाहून नेणारी तिच्याभोवतीची गोल नाली ओळखू येते. खापरांवरून काळ ठरतो, हाडांवरून जनावरे कळतात आणि जळक्या दाण्यांवरून पिके.

कँबोर्नच्या मातीने सांगितलेली हकिकत अशी : रोमनांच्या काही शतके आधी इथे गुरे पाळणारी, थोडीफार शेती करणारी कुटुंबे होती. पुढे वस्ती रोडावली. जमिनीत पाणी साचू लागले, हे त्याचे एक कारण असावे. इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले. पहिल्या शतकाच्या मध्यापासून इथे पुन्हा शेतवाड्या दिसू लागतात. आपल्याकडे तेव्हा सातवाहनांचा काळ होता. जवळून गेलेल्या अर्मिन स्ट्रीट या रोमन रस्त्यामुळेही लोक इकडे वळले असावेत. शंभर वर्षांत हा भाग चांगला गजबजला, पण एकही वाडी फारशी श्रीमंत झाली नाही. पाचव्या शतकानंतर जमीन ओस पडली, ती बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत.

या माणसांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत. तपासणीशिवाय पाया खणला असता, तर त्यांची उरलीसुरली खूणही यंत्राने उखडली असती. इंग्लंडमध्ये १९९०च्या सरकारी मार्गदर्शक सूचनेपासून बांधकामाची परवानगी देताना जमिनीखालच्या अवशेषांचा विचार होऊ लागला. तपासणीचा व नोंदीचा खर्च सहसा बांधकाम करणाराच सोसतो. सूचना पुढे बदलल्या, तत्त्व टिकले.

आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. फुटक्या खापरांना असा भाव नसतो, म्हणून ती भरावात जातात. आपल्या पायाच्या खड्ड्यात जुन्या विटा, खापरे किंवा राखेचे थर दिसले तर ते उकरू नका. जागेवरच फोटो काढा, किती खोलीवर सापडले ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी माहिती हरवते.