विश्लेषण : डॉक्टरच रक्तपिपासू झाला तर? ‘व्हँपायर’ गेममध्ये काय जमले, काय फसले?

गेम म्हटले की मोबाइलवरचा गोळीबार आठवतो. ‘व्हँपायर’ त्यातला नाही. फ्रान्सच्या ‘डोन्टनॉड’ स्टुडिओचा हा गेम ५ जून २०१८ रोजी आला. स्वतःची ताकद वाढवण्यासाठी ओळखीच्या माणसाचा जीव घ्याल का, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे.

कथा काय आहे?

वर्ष १९१८. पहिले महायुद्ध संपत आले आहे आणि लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ आहे. (हीच साथ त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत पोहोचली आणि पुढे देशभर एक कोटीहून अधिक बळी गेल्याचा अंदाज आहे.) रक्त संक्रमणाचा तज्ज्ञ डॉ. जोनाथन रीड युद्धावरून परततो आणि व्हँपायर, म्हणजे माणसाच्या रक्तावर जगणारे पिशाच्च बनतो. दिवस गेला की इस्पितळात रुग्ण तपासायचे आणि त्याच रात्री भूकही सांभाळायची, असा पेच आहे.

वेताळाशी नाते कसे?

आपला वेताळ प्रेतात वास करतो, रक्तावर जगत नाही. तरीही रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळाला ‘व्हँपायर’च म्हटले. वेताळ दर कथेनंतर राजाला पेचात टाकतो, तसा हा गेम खेळाडूला टाकतो.

बलस्थान कोणते?

लंडनच्या चार भागांत साठहून अधिक रहिवासी आहेत. प्रत्येकाला नाव, नातीगोती आणि गुपिते आहेत. एखाद्याशी जितके बोलाल, त्याचे आजार जितके बरे कराल, तितके त्याचे रक्त ‘मौल्यवान’ होते. म्हणजे ज्याच्याशी जास्त जवळीक, त्याला मारण्यात जास्त फायदा. मारले तर त्याचे आप्त बदलतात आणि त्या भागाची प्रकृती ढासळते. एकाही रहिवाशाचे रक्त न पिता गेम पूर्ण करता येतो, पण मग शत्रूंपुढे डॉक्टर दुबळा पडतो. शेवटही बळींच्या संख्येवर ठरतो.

उणिवा कोणत्या?

पहिली म्हणजे मारामारी. तेच शत्रू, त्याच गल्ल्या आणि तेच डावपेच पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे कथेची पकड सुटते. दुसरी, झटपट प्रवासाची सोय नाही. तीच वाट वारंवार तुडवावी लागते. तिसरी, काही निर्णायक संवादांत पर्यायाचे शब्द एक सांगतात आणि परिणाम भलताच होतो. गेम स्वतःच सेव्ह होत असल्याने मागे फिरता येत नाही. स्वतःच्या निर्णयाची किंमत मोजणे पटते. गेमने नीट न सांगितल्याची किंमत मोजणे खटकते.

सप्टेंबर २०१८ मध्ये कथेवर भर देणारा सोपा पर्याय आला. त्यामुळे लढायांचा त्रास कमी झाला, पण निवडीची धारही बोथट झाली. ताकद न वाढवताच निभावत असेल, तर मोह उरतोच कुठे?

कोणी खेळावा?

गेम १७ वर्षांवरील वयासाठी आहे. संगणकावर किमान ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि सुमारे २० जीबी जागा लागते. खेळ एकट्याचा असल्याने बीड, परळी किंवा गेवराईत नेटची रेंज गेली तरी तो अडत नाही. मराठी भाषांतर नाही आणि सगळी गंमत संवादांत आहे, त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय हवी. केवळ मारामारी हवी असेल, तर याच्या वाटेला जाऊ नये. माणसे ओळखायला वेळ देणाऱ्याला मात्र तो विचारात पाडेल.