कोंबडीचे अंडे अडते तेव्हा

मागच्या पावसाळ्यात रविवारची मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तो एक मावशी टोपलीत कोंबडी घेऊन पायरीशी उभ्या. "फादर, दोन दिवस झाले, दाणा तोंडात घेत नाही. कुणाची तरी दृष्ट लागली असं शेजारीण म्हणते." कोंबडीची शेपटी खाली पडलेली, पिसे फुगलेली, आणि ती ताठ उभी राहून मागे जोर करीत होती. दृष्ट वगैरे काही नव्हते. तिचे अंडे अडले होते.

आपल्या घरांत अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हातचे असतात, वह्यापुस्तके त्यातूनच येतात. म्हणून हा विषय थोडा सविस्तर घेतो.

कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचाच अंडाशय कामाचा असतो. त्यातून पिवळा बलक सुटतो आणि नरसाळ्यासारख्या तोंडाच्या एका लांब नळीत उतरतो. या नळीत त्यावर पांढरा भाग चढतो, मग पातळ पापुद्रा, आणि शेवटी कवच. एका अंड्याला साधारण २५ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास नुसते कवच बनण्यात जातात. एका कवचात सुमारे २ ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तो खाद्यातून मिळाला नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही हाच चुना लागतो. म्हणून चुना कमी पडला की अंडे मऊ कवचाचे होते आणि ते ढकलायची ताकदही उरत नाही. याशिवाय फार लठ्ठ कोंबडी, पहिल्यांदाच घालणारी तलंग, दोन बलकांचे मोठे अंडे, म्हातारपण, ही कारणे आहेतच.

कोंबडी खुराड्यात वारंवार जाऊन बसते, उठते, पुन्हा बसते, पण अंडे दिसत नाही. शीट थोडी होते किंवा होतच नाही. मग ती कोपऱ्यात पेंगते. खुडूक कोंबडीशी गल्लत करू नका. खुडूक बाई हात लावला की फुगून चोच मारते, अंगात तिच्या भरपूर जोर असतो. आणि एकीऐवजी चार-पाच कोंबड्या एकदम मलूल झाल्या, हिरवी शीट, वाकडी मान असे दिसले तर ती मानमोडी समजा. पटापट मरू लागल्या तर मेलेल्यांना उघड्या हाताने न शिवता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून यात हयगय चालत नाही.

अंडे अडल्याचा संशय आला तर छातीचे हाड आणि मागची वाट यांच्यामध्ये पोट हलक्या हाताने चाचपा. अंड्याएवढे टणक लागले तर शंका बरीच फिटली. मऊ कवचाचे असेल तर मात्र हाताला लागेलच असे नाही. घमेल्यात कोमट पाणी घ्या, तान्ह्या बाळाला घालतो तेवढेच ऊन. त्यात कोंबडीला पोटापर्यंत १५-२० मिनिटे बसवा. अंग चांगले पुसून कोरडे करा, मागच्या वाटेला आतून-बाहेरून खोबरेल तेल लावा, आणि पोते घातलेल्या खोक्यात, उबेत व अंधारात एकटी ठेवा. पाणी जवळ असू द्या. दोन-तीन तासांनी पुन्हा शेक द्यायला हरकत नाही. पोट दाबून अंडे काढू नका, आणि आतल्या आत फोडू तर मुळीच नका. कवचाचे तुकडे नळी कापतात व ती सडते. एका दिवसात सुटका झाली नाही तर पशुवैद्याकडेच न्यावे. कॅल्शियमचे औषध त्यांच्या सांगण्याप्रमाणे.

मावशींची कोंबडी दुसऱ्या शेकानंतर संध्याकाळी सुटली. अंडे पापुद्र्याचेच होते, कवच जवळजवळ नव्हते.

कधीकधी जोर करून आतली लाल नळीच बाहेर येते. अशी कोंबडी प्रथम बाजूला काढा. इतर कोंबड्या लाल रंग पाहून टोची मारतात आणि आतडी ओढून तिला मारतात. आलेला भाग स्वच्छ कोमट पाण्याने धुवा, सूज असेल तर साखर भुरभुरा, पाणी शोषले जाऊन सूज उतरते. मग तेल लावून हळूच आत सारा. पुन्हापुन्हा बाहेर येत असेल तर ती कोंबडी पुढे टिकत नाही, हे स्पष्टच सांगतो.

तिसरा प्रकार अधिक वाईट. बलक नरसाळ्यात न पडता पोटातच पडतो, तेथे जंतू धरतात आणि पोट पाण्याच्या पिशवीसारखे लोंबते. याला शेक-तेल काही उपयोगी नाही. पशुवैद्य प्रतिजैविक देतात, पण गुण येईलच असे नाही. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नयेत, विकूही नयेत. "मरतेच आहे तर कापून टाकू" हा आपल्याकडचा हिशेब मला मान्य नाही. आजारी कोंबडी चुलीवर चढवू नये. मेली तर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

राहिले खाणे. नुसत्या कणी-कोंड्यावर किंवा मक्यावर गिरिराजासारखी जात भरपूर अंडी देईल ही अपेक्षाच चुकीची; ती फक्त लठ्ठ होते. घालत्या कोंबडीला वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा जाडसर चुरा ठेवा. तिला लागेल तेवढा ती खाते. गोव्याकडे येणे-जाणे असेल तर तिसऱ्यांची टरफले धुऊन, वाळवून, कुटून घ्या. घरच्या अंड्यांची टरफले तव्यावर भाजून चुरडली तरी चालतात. न चुरडता टाकली तर अंडी फोडून खायची खोड लागते. पिलांना आणि न घालणाऱ्या तलंगांना मात्र हा चुरा नको, त्यांचे मूत्रपिंड बिघडते.