उष्ण-शीत यंत्राची बाहेरची पेटी

ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पेढीवर बसवत नाही, आणि पौषात धुके दाटले म्हणजे हिशेब लिहिताना बोटे आखडतात. या दोन्ही ऋतूंत उपयोगी पडणारे उष्ण-शीत यंत्र, म्हणजेच हीट पंप, आता अनेक बंधूंच्या दुकानांत व घरांत आले आहे. खोलीतील पेटीकडे सर्वांचे लक्ष असते. यंत्राचा जीव मात्र गच्चीवरील पेटीत असतो. तेथील कॉम्प्रेसर जळाला, तर मालकास मोठाच भुर्दंड बसतो.

थंड वस्तूतून उष्णता काढणे ऐकावयास विचित्र वाटते. तथापि झुरिचच्या नगरभवनात 1938 सालीच लिमात नदीच्या पाण्यातून ऊब मिळविणारा हीट पंप चालू झाला होता. आजच्या पुष्कळ यंत्रांतील आर-32 हे द्रव्य साध्या वातावरणाच्या दाबाखाली उणे 52 अंशांच्या सुमारास उकळते. मग पौषातील हवाही त्यास चुलीसारखीच! बाहेरच्या नळ्यांत ते हवेची उष्णता घेऊन वायुरूप होते, कॉम्प्रेसर तो वायू दाबून अधिक तापवितो, आणि ती उष्णता खोलीत सोडून ते पुन्हा द्रव होते. उन्हाळ्यात चार वाटांची झडप फिरली की प्रवाह उलटतो.

खरी मेख पुढेच आहे. कॉम्प्रेसर वायू दाबू शकतो, द्रव नव्हे. द्रवाचा घोट आत गेला तर भाग मोडतात, वंगणाचे तेल धुऊन जाते. म्हणून नळ्यांत किती द्रव्य सोडावयाचे हे एक सूक्ष्म सुईची झडप ठरविते. नळीतील उकळण्याचे तापमान आणि कॉम्प्रेसरकडे निघालेल्या वायूचे तापमान यांत काही अंशांचे अंतर राहिले, तर थेंब उरला नाही असे समजावे. अंतर घटले की सुई वाट आवळते, वाढले की सैल करते. तरीही चुकून द्रव आलाच, तर वाटेतील एका भांड्यात तो तळाशी थांबतो व वरचा वायू तेवढा पुढे जातो. भांड्यातील नळीच्या तळवळणाला बारीक छिद्र असते, त्यातून तेल थोडे थोडे परत जाते.

दुसरे भय अतिदाबाचे. काही वर्षांपूर्वी आमचे यंत्र भर दुपारी वारंवार बंद पडू लागले. आलेल्या कारागिराने दाबाचा खटका तारेने जोडून निकामी केला. यंत्र चालू झाले, आम्हीही खूष झालो. तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्रेसर जळाला. मूळ दोष एवढाच की, गोदामातील धूळ बाहेरच्या जाळीत भरून उष्णता बाहेर पडत नव्हती. खटका आपले काम चोख करीत होता! जाळी पाण्याने धुवावयास अर्धा तास पुरला असता.

यंत्र बंद करून लगेच लावल्यास ते सुमारे तीन मिनिटे थांबते, तेही दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हावेत म्हणून. थंडीत बाहेरच्या पेटीतून वाफ निघाल्यास आग लागली असे समजू नये. नळ्यांवरील हिम वितळविण्यासाठी प्रवाह क्षणभर उलटलेला असतो. आणि पुष्कळ यंत्रांत कॉम्प्रेसर रात्रभर किंचित ऊबदार ठेवण्याची सोय असते, कारण गारठ्यात द्रव्य तेलात मुरते व सकाळी चालू करताच तेल फेसाळते. तेव्हा अशा यंत्राचे मुख्य बटण पौष-माघात रात्री बंद करू नये. दुकान वाढविताना नोकरास हे आठवणीने सांगावे.